‘समृद्धी’वर सरासरी वेग 108, तरीही नियम मोडला! तक्ता आणि आलेख काय सांगतात?

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. जून 2025 पासून संपूर्ण 701 किलोमीटरचा मार्ग वापरात आहे. रस्त्याची रचना ताशी 150 किलोमीटरसाठी असली, तरी कारला परवानगी 120 चीच आहे. मग ‘चार तासांत शिर्डी’ या दाव्याचा अर्थ काय?

साधा भागाकार
520 भागिले 120 म्हणजे 4 तास 20 मिनिटे. चार तासांत पोहोचलेल्या गाडीचा सरासरी वेग 130 होतो. म्हणजे वाटेत कुठेतरी मर्यादा नक्कीच ओलांडली गेली. कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून हे लपत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील यंत्रणेत सरासरी वेग मोजण्याची सोय आहे, ती याच तत्त्वावर.

पण सरासरीही फसवते
समजा, एका कारची नोंद अशी आहे:

सकाळी 6.00 : 0 किमी
7.00 : 115 किमी
8.00 : 230 किमी
8.30 : 230 किमी
9.30 : 365 किमी
10.30 : 480 किमी
10.50 : 520 किमी

एकूण वेळ 4 तास 50 मिनिटे, सरासरी सुमारे 108. वरवर सगळे नियमात. मात्र 8.30 ते 9.30 या तासात गाडी 135 किलोमीटर गेली. अर्ध्या तासाच्या चहा-नाश्त्याने सरासरी खाली आणली आणि हा तास झाकला गेला.

आलेख कसा वाचायचा?
बालभारतीच्या नववीच्या विज्ञानातील ‘गतीचे नियम’ हा धडा इथे कामी येतो. अंतर-काल आलेखात रेषेचा चढ म्हणजे वेग. रेषा जितकी उभी, तितकी गाडी जोरात. आडवी रेषा म्हणजे गाडी थांबलेली. वेग-काल आलेखात मात्र आडव्या रेषेचा अर्थ ‘एकसमान वेग’ असा होतो आणि रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. विद्यार्थ्यांची गफलत इथेच होते. म्हणून आधी उभ्या अक्षावर काय लिहिले आहे ते पाहावे.

साडेसात मिनिटांची किंमत
ते 135 किलोमीटर 120 च्या वेगाने कापायला साडेसदुसष्ट मिनिटे लागली असती. वाचली फक्त साडेसात मिनिटे. उलट, ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 120 ऐवजी 135 वर ते सुमारे 27 टक्क्यांनी जास्त होते. शिवाय 120 च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर सरलेले असू शकते.

कोपरगावच्या बाजूने शिर्डीकडे उतरताना घड्याळात किती वाजले, यावरून प्रवास सुरक्षित झाला की नाही ते ठरत नाही. त्यासाठी तासातासाची नोंद पाहावी लागते.