‘खट्ट’चं कारण

पैसे साठवून लोक फ्लॅट घेतात. आमच्या निख्यानं जुनी गाडी घेतली! आयटी प्रोजेक्टवर इंग्लंडला, रेडिंगला गेलेला हा प्राणी एक दिवस थेट १९७२ची एमजीबी रोडस्टर घेऊन बसला. दोन सीट्स, कापडी टप, गडद हिरवा रंग. १९६२ ते १९८० या काळात सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांहून जास्त एमजीबी गाड्या बनल्या, त्यामुळे तिकडे त्यांचे पार्ट्स आजही सहज मिळतात. फोटो बघून आम्ही सगळे जाम जळलो.

पण गाडीला एक दुखणं होतं. क्लच सोडला की खालून ‘खट्ट’! तिथल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, गिअरबॉक्स उघडावा लागेल. या गाडीत तो इंजिनासकटच बाहेर काढतात. खर्चाचा आकडा ऐकून निख्यानं गाडी विकायची जाहिरात लिहून ठेवली.

हे मला कळलं आणि रविवारी त्याच्या पुण्याच्या घरी गेले असताना मी बोलून गेले. काकांनी वर बघितलं. नाना पेठेत तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. पोराचे हात काळे होऊ नयेत म्हणून त्याला कधी पाना धरू दिला नाही. बापलेकाचं फोनवर बोलणं ठरलेलं. ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘आईला देतो.’

त्या दिवशी काकांनी फोन आईला दिला नाही.

‘क्लच सोडताना गिअरचा दांडा उडतो का रे?’

‘हो... तुम्हाला कसं कळलं?’

‘फाउंडेशन बघितलंस?’

म्हणजे माउंटिंगचे रबर. गिअरबॉक्सचा मागचा भाग एका लोखंडी आडव्या पट्टीवर टेकलेला असतो आणि मध्ये दोन रबर. धक्के आणि थरथर ते खातात. वय झालं, वरून तेल गळत राहिलं की रबर फुगतो, मऊ पडतो, लोखंडापासून सुटतो. मग गिअरबॉक्स जागेवर हलतो आणि ‘खट्ट’. जोडीची किंमत? दोन पिझ्झा!

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे दहा, इकडे दुपारचे अडीच. फोन धरायला मी.

‘नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. घोड्या लाव. चाकांना अडण लाव.’ मग दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली, मध्ये लाकडी ठोकळा. पहिल्याच बोल्टला निख्या अडला. नवाकोरा टूलकिट, पण एकही पाना नीट बसेना. ‘अरे, इंग्रजांची गाडी! इंची पाने लागतात,’ काका हसले. निख्या शेजाऱ्याकडून अर्ध्या इंचाचा पाना घेऊन आला.

पट्टी खाली आली. एक रबर सरळ दोन तुकड्यांत हातात! दुसरा बरा दिसत होता. ‘तोही बदल. जोडीनंच बदलायचे. आणि आधी तेल कुठून येतंय ते बघ, नाहीतर नवेही जातील.’ तेल मागच्या सीलमधून येत होतं. तो सील पुढच्या आठवड्यात बदलायचं ठरलं. नवे रबर बसवताना भोकं जुळेनात. काका म्हणाले, ‘सगळे बोल्ट आधी सैल लाव. वजन नीट बसू दे, मग आवळ.’

तीन तास गेले. निख्या कोपरापर्यंत काळा. काका स्क्रीनकडे बघत म्हणाले, ‘बघू हात.’ त्यानं दाखवले. काका काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

मग गाडी सुरू. पहिला गिअर, क्लच... आवाज नाही!

जाहिरात गेली कचऱ्यात. आता रविवारी काकू तक्रार करतात की फोन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्या गाडीत ‘खट्ट’ होत असेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी माउंटिंगचे रबर बघा. आणि घरी कुणी जाणतं माणूस असेल, तर ‘आईला दे’ म्हणायच्या आत त्याला विचारा.