आधी खुराडे, मग कोंबडी



आपल्या जिल्हा बैठकीत आंब्याच्या भावावर दोन तास बोलणे होते, काजू बीवर तासभर. कोंबडीचे नाव निघाले की सभा हसते. आम्हीही हसत होतो. पदवीला आम्ही कोंबडी शिकलो ती दहा हजार पक्ष्यांच्या शेडमधली. परसातल्या बारा कोंबड्या हा आमच्या लेखी धंदाच नव्हता. पण घरधनी मुंबईला आणि आंब्याचा पैसा वर्षातून एकदा, अशा घरात मीठमिरची आणि पोरांच्या वह्या कशावर चालतात, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारावे. अंड्याचा पैसा बाईच्या हातात येतो. सोसायटीच्या वहीत त्याची नोंद नाही, म्हणून तो आम्हा पुरुषांना दिसत नाही.

आता योजना पाहा. ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर असा गट देतात. वाटप होते, फोटो निघतो. हे २८ पक्षी रात्री बसणार कुठे, हे कोणी विचारत नाही. डालग्याखाली चार मावतात. बाकीचे मुंगसाचे आणि रानमांजराचे. मग शेरा पडतो, लाभार्थी निष्काळजी!

आमचे स्वतःचे पहिले खुराडे पुस्तकात पाहून जमिनीलगत, पत्र्याचे बांधलेले. वैशाखात कोंबड्या चोच वासून धापा टाकू लागल्या. आषाढात खालून ओल आली, तूस कुजले. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "भाऊ, कोंबडी भुईवर निजत नाय, दांडीवर निजते." एवढे आमच्या पदवीत नव्हते.

तेव्हा चार कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे रचून तळ दीड हात उचला. तळाला बांबूच्या कांबी, मध्ये अर्ध्या बोटाची फट. विष्ठा खाली पडते, ती माडाच्या आळ्यात जाते. दहाबारा कोंबड्यांना रात्रीपुरते चार फूट बाय तीन फूट पुरे, योजनेच्या गटाला सात बाय चार. आत दोन दांड्या, चारपाच कोंबड्यांमागे पेंढा घातलेली एक अंधारी पेटी. छपराला जुनी कौले, वळचण चांगली पुढे काढलेली, आणि पावसाळ्यात पश्चिमेची झड अडवायला नारळाचे झाप. पैसा वाचवू नका तो जाळीवर. बाजारातली षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डची जाळी घ्या, दाराला कडी लावा. बाकी सामान बहुतेकांच्या मागीलदारी पडलेले असते.

दाणापाणीही छपराखालीच ठेवा. २०२१ च्या जानेवारीत दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता; अंगणात सांडलेल्या दाण्यावर कावळा आणि कोंबडी एकत्रच येतात.

पण मुंगसापेक्षा जास्त कोंबड्या मानमोडीने जातात. वाडीत शिरली की दोन दिवसांत खुराडी रिकामी, आणि तिला औषध नाही. लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बीचे इंजेक्शन. तरी ती टोचली का जात नाही? कारण कुपी शंभर पक्ष्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांची बाई ती फोडणार कशी? आणि फणसावर बसलेली कोंबडी धरणार कोण? खुराडे असेल तर पहाटे दार उघडण्यापूर्वी सगळ्या वाडीचे लसीकरण उरकते. पक्षी वाटण्यापूर्वी अनुदानातला पहिला पैसा खुराड्याला द्या आणि ते उभे राहिल्यावरच गट द्या, अशी मागणी आपण लावली पाहिजे ती याचसाठी.

लसीसाठी मात्र सरकारची वाट बघायचे कारण नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वाडीने पक्ष्यांचा आकडा लिहून आणावा, पिल्ले आणि मोठ्या वेगळ्या. आकडा बायकांना विचारून आणावा, अंदाजाने नको. शंभराचा हिशेब तिथेच लावू आणि बर्फाची पेटी कोणाच्या मोटारसायकलवर जायची तेही तिथेच ठरवू.