जखमेचा मांडव

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावरची जखम, म्हणजे बेडसोअर, कधी हाडापर्यंत पोचते. अशा खड्ड्यात नवं मांस भरायला आधार हवा, वेलीला मांडव लागतो तसा. १९८१ मध्ये बोस्टनच्या डॉ. जॉन बर्क आणि योआनिस यानस यांनी गाईचं कोलॅजन, शार्कच्या कूर्चेतला पदार्थ आणि वर सिलिकॉनचा पापुद्रा असा मांडव १० भाजलेल्या रुग्णांवर यशस्वी केला. पण भाजलेली जखम वेगळी, बेडसोअर वेगळा. दोन्हींची चाचणी वेगळीच हवी. आता असे मांडव कॉड माशाच्या कातडीचे मिळतात, डुकराच्या आतड्याचेही. म्हणून ‘हा कशाचा आहे?’ असं डॉक्टरांना आधीच विचारा. तो रुग्णाचा हक्क आहे. आणि दाब हटला नाही, तर कोणताच मांडव टिकत नाही. दादीची कूस वेळच्या वेळी बदलत राहा.