वर्गाबाहेर : मंद उजेडाची बॅटरी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दिवस मावळेपर्यंत आमच्या श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, कौले उडाली होती, विजेचे खांब रस्त्यात पडले होते. कित्येक गावांत आठवडे उलटले तरी वीज आली नाही.

उजेडाची सोय माझ्याकडे होती, असे मला वाटत होते. मोठी बॅटरी मी आधीच आणून ठेवली होती. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. आत घालतो तो सेल.) खोक्यावर ‘1000 लुमेन’ असे ठळक छापलेले. दुकानदाराने झोत पार समोरच्या मिनारावर टाकून दाखवला आणि मी खूश होऊन पैसे मोजले.

शव्वालचा महिना होता. अम्मींचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, सहापैकी दोन रोजे राहिले होते. वादळानंतरच्या दुसऱ्या पहाटे त्या सहेरीला उठल्या आणि वुजूसाठी परसातल्या न्हाणीकडे निघाल्या. मी बॅटरी लावली. झोत चुन्याच्या भिंतीवर पडून सगळा डोळ्यांत आला. अम्मींनी डोळ्यांवर हात धरला, “अगं, तो सूर्य बंद कर आधी! मला पायरी दिसत नाही.” मी घाईने बटण दाबले. मग तर काहीच दिसेना. त्यांनी अंदाजाने पाऊल टाकले आणि पायरी चुकली.

मनगट मोडले. रस्त्यात झाडे पडलेली, फोन बंद. माझ्या वर्गातली लाकडी पट्टी आणि एक ओढणी, एवढ्यावर आम्ही उजाडेपर्यंत हात बांधून बसलो. त्या रात्री मोठी बॅटरी पेटलीच नाही. चार्ज संपला होता आणि भरायला वीज नव्हती.

मग अब्बांनी फजरला जाताना खिशात ठेवायची त्यांची करंगळीएवढी जुनी बॅटरी काढली. तिच्यात एकच पेन्सिल सेल. सर्वांत मंद उजेडावर ती अम्मींच्या उशाशी तांब्यावर पालथी ठेवली, की काठावरून फुटेल तेवढा उजेड खोलीत पसरे. त्या एका सेलवर दहा रात्री निघाल्या.

शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या मुलांना मी हे गणित घातले. साध्या पेन्सिल सेलमध्ये सुमारे 2000 मिलीअँपिअर-तास वीज धरू. मंद उजेडाला 20 मिलीअँपिअर लागले तर 100 तास. प्रखर उजेडाला 1000 लागले तर 2 तास. आणि तेही कागदावरच, कारण इतक्या जोराने वीज ओढली की साधा सेल आतूनच दमतो, त्यातली बरीच वीज उपयोगी पडत नाही. मोठ्या बॅटरीत मोठा लिथियम सेल असतो, पण 1000 लुमेनला त्याचीही ताकद तासा-दीड तासात संपते.

मग एका मुलीने विचारले, “मॅडम, इतक्या कमी उजेडात दिसते कसे?” प्रश्न अगदी बरोबर होता. मेणबत्तीचा उजेड सुमारे 12 लुमेन असतो. तेवढ्यावर आपल्या आज्या-पणज्यांनी स्वयंपाक केला, मुले वाढवली. अंधाराला सरावायला डोळ्याला 20 ते 30 मिनिटे लागतात. एकदा सराव झाला की 2-3 लुमेनमध्ये पायरी, तांब्या, औषधाची बाटली नीट दिसते. पण क्षणभर प्रखर झोत डोळ्यांत गेला की तो सराव पुसला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हातारपणी हे सावरणे आणखी सावकाश होते. अम्मी अंधाराने पडल्या नव्हत्या, माझ्या उजेडाने पडल्या होत्या.

म्हणून आता बॅटरी घेताना मी ‘सर्वांत जास्त किती’ हे विचारत नाही, ‘सर्वांत कमी किती’ हे विचारते. 1 ते 10 लुमेनची पायरी हवी, आणि बटण दाबताच आधी तीच लागावी. खोक्यावरचे ‘इतके तास’ जपून वाचा. प्रचलित मोजणीत उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचे तास धरतात, म्हणजे शेवटचे काही तास छापलेल्या उजेडाचे नसतात.

सेल बदलता येणारा हवा, गावातल्या किराणा दुकानात मिळणारा. थेट भिंतीच्या प्लगला लावायच्या स्वस्त बॅटऱ्यांत बहुधा शिशाचा संच असतो. चार-सहा महिने चार्ज न करता ठेवला की तो कायमचा निकामी होतो, आणि नेमक्या गरजेच्या रात्री ते कळते.

मजबुती म्हणजे नुसते जाड लोखंड नव्हे. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड आधी गंजते. ॲल्युमिनियमचे किंवा चांगल्या प्लास्टिकचे अंग, झाकणाच्या आट्यांजवळ रबरी कडे, आणि खोक्यावर ‘आयपीएक्स 7’ अशी खूण असली तर उत्तम. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी जात नाही, असा तिचा अर्थ. पावसाचे नुसते शिंतोडे सोसणारी ‘आयपीएक्स 4’ असते.

बॅटरी मरते ती मात्र बहुतेक वेळा आपल्याच हाताने. अल्कलाइन सेल आत घालून वर्षभर विसरला की तो पाझरतो आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी धरते. ती अल्कलीची असते. कापसाच्या बोळ्याने थोडा सिरका लावून पुसा, मग कोरडे करा. भुकटी हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नका. रोज वापरायची नसेल तर सेल काढून शेजारी ठेवा. जुना-नवा सेल एकत्र घालू नका.

या महिन्यात एक काम करा. रात्री घरातले सगळे दिवे बंद करा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला पलंगापासून न्हाणीपर्यंत तुमच्या बॅटरीच्या उजेडात चालायला सांगा. हाताशी तुम्ही राहा. पायरी दिसते का, डोळे दिपतात का, बटण बोटांना सापडते का, त्यांनाच विचारा. मिरगाआधी हे होऊन जाऊ द्या.

अम्मींचे मनगट जुळले, पण रोटी थापताना अजून दुखते. अब्बांची ती छोटी बॅटरी आता त्यांच्या पलंगाच्या पायाला दोरीने बांधलेली आहे. तिला कोणी हात लावलेला त्यांना चालत नाही, मलाही नाही.