अ‍ॅम्स्टेलच्या काठावरून : आत्याबाईंचे नगरदर्शन

गतवर्षी ह्या सदरातून आपण आपल्या उइटहॉर्नच्या परिसरातच फेरफटका केला होता. ह्या खेपेस थेट राजधानीस जाऊ. ज्या अ‍ॅम्स्टेल नदीच्या काठी आपण राहतो, तिला बांध घातला म्हणूनच त्या नगरीस अ‍ॅम्स्टरडॅम हे नाव लाभले. तेव्हा हा प्रवास परक्या मुलखातला नव्हे. शिवाय २०२४ च्या जुलैपासून जुन्या आगगाडीच्या मार्गावरून २५ क्रमांकाची ट्राम आपल्या गावापर्यंत येऊ लागल्याने वृद्ध माणसांसही तो सुकर झाला आहे.

माझ्या वडिलांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, गेल्या श्रावणात मॉरिशसहून आमच्याकडे पाहुण्या आल्या होत्या. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे, परंतु उत्साह दांडगा. आल्या दिवशीच त्या म्हणाल्या, "ज्या लोकांनी आपल्या बेटाला नाव दिले, त्यांचे शहर मला एकदा बघू दे." त्यांचे म्हणणे यथार्थ होते. डच नाविकांनी १५९८ साली माउरिट्स ह्या राजपुरुषाचे नाव त्या बेटास दिले, १६३९ मध्ये जावाहून तेथे ऊस नेऊन लावला आणि १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. ऊस मात्र तेथेच राहिला. आणि पुढे इंग्रजांच्या अमदानीत त्याच उसापायी आमचे पणजोबा कोकण सोडून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. झुइड स्थानकावर ट्राम सोडून भुयारी गाडीने रोकिनला उतरलो आणि प्रथम नौकेतून कालव्यांची सफर केली. सतराव्या शतकात खोदलेले हे कालवे आणि त्यांच्या काठची व्यापाऱ्यांची घरे २०१० पासून जागतिक वारशात गणली जातात. घरे अरुंद व उंच असून प्रत्येकाच्या माथ्याशी पुढे आलेल्या तुळईस एक आकडा असतो. जिने इतके चिंचोळे की जड सामान ह्या आकड्यास दोर बांधून बाहेरूनच वर ओढावे लागे. आत्याबाईंनी विचारले, "वर काय ओढत असतील रे?" मी शिक्षकी थाटात यादी दिली : मिरे, लवंगा, जायफळ, चहा, साखर. "साखर" ह्या शब्दाशी त्या थोड्या थांबल्या. बोलल्या मात्र नाहीत.

तेथून डाम चौकातील राजवाड्याकडे वळलो. ही भव्य वास्तू मुळात नगरसभागृह म्हणून उभारलेली, १६५५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. दलदलीच्या भूमीत १३,६५९ लाकडी खांब ठोकून त्यांवर ती तोललेली आहे. बहुतेक प्रवासी दर्शनी बाजू पाहून माघारी फिरतात. माझी विनंती अशी, की वळसा घालून मागील बाजूस अवश्य जावे. तेथे वरच्या त्रिकोणी शिल्पपटात अ‍ॅम्स्टरडॅम नगरी मध्यभागी बसली असून निरनिराळ्या खंडांचे लोक तिला आपापली संपत्ती अर्पण करीत आहेत. आणि त्याहीवर, शिखरावर, आकाशगोल पाठीवर वाहणारा अ‍ॅटलास उभा आहे.

ते नाव ऐकताच आत्याबाई चमकल्या. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ मजुरांस घेऊन पोर्ट लुईस आलेल्या जहाजाचे नाव 'अ‍ॅटलास'च होते. त्या दिवसाची सुट्टी मॉरिशसमध्ये आजही पाळली जाते. बराच वेळ वर पाहून त्या म्हणाल्या, "ओझे वाहणारा आहे खरा, पण ह्या चित्रात आपण कोठे आहोत?"

वाचकहो, मजजवळ उत्तर नव्हते. माझे सारे शिक्षण ह्याच देशात झाले. त्या काळास 'सुवर्णशतक' म्हणावे असे मला शाळेत शिकविले गेले आणि तोच शब्द मीही कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरसंग्रहालयाने २०१९ मध्ये तो शब्द टाकून दिला, तेव्हा प्रथमच मला विचार करावासा वाटला. ह्याच सभागृहातून कारभार करणारी नगरी १६८३ पासून सुरिनामच्या मालकीत एक तृतीयांशाची भागीदार होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले! तेथील गुलामगिरी १८६३ मध्ये संपली, तिच्यापाठची दहा वर्षांची सक्तीची मजुरी १८७३ मध्ये संपली, आणि त्याच वर्षी ५ जूनला 'लाला रूख' जहाज आपल्या बांधवांस घेऊन पारामारिबोस पोहोचले. १९१६ पर्यंत असे चौतीस हजारांहून अधिक लोक गेले. २०२३ च्या १ जुलै रोजी राजेसाहेबांनी गुलामगिरीबद्दल क्षमा मागितली. गिरमिटाचे प्रकरण मात्र आपले आपणच वाचावयाचे आहे.

असो. पोटात कावळे ओरडू लागले. श्रावण असल्याने आत्याबाईंस सामिष वर्ज्य. तेव्हा येथील सुप्रसिद्ध कच्च्या हेरिंग माशाचा प्रश्नच नव्हता. आम्ही दे पाइप भागात १९०५ पासून भरणाऱ्या आल्बर्ट काइप बाजारात गेलो आणि जवळच्या एका लहानशा सुरिनामी खाणावळीत बसलो. प्रथम बारा आला : उडदाच्या पिठात अळूची पाने घालून तळलेला, आपल्या वड्याचा भाऊच. मागून रोटी, आत पिवळी डाळ भरलेली, सोबत बटाटा, भोपळा आणि चवळीच्या शेंगांची भाजी. पहिला घास घेताच आत्याबाई उद्गारल्या, "अरे, ही तर आमची दालपुरी!" मॉरिशसमध्ये ती रस्तोरस्ती मिळते. आपल्या पुरणपोळीची ती सख्खी बहीण नसेल, परंतु मावसबहीण खचितच.

वाढणाऱ्या बाई सरनामी बोलत होत्या. आत्याबाईंनी ऊसमळ्यातील शेजाऱ्यांकडून शिकलेल्या भोजपुरीत त्यांस काहीतरी विचारले, आणि पाहता पाहता दोघींची गट्टी जमली! एकीचे पूर्वज कलकत्त्याहून निघालेले, दुसरीचे मुंबईहून. दोन बेगळ्या महासागरांकाठी दोन पिढ्या वाढल्या. तरी चुलीची आणि सासरची भाषा एकीची दुसरीस कळत होती. पदवीधर असा मी एकटाच अर्धवट समजून मान डोलावीत होतो. त्या बाईंनी निघताना आत्याबाईंच्या पिशवीत दोन रोट्या बांधून दिल्या व पैसे घेण्याचे साफ नाकारले.

परतीच्या ट्राममध्ये आत्याबाई म्हणाल्या, "कागद आहे का? लिहून घे." त्यांनी आपल्या आजोबांचा, म्हणजे आमच्या पणजोबांचा, आप्रवासी क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखविला. लहानपणी तो त्यांच्याकडून घोकून घेतला होता. वडिलांस तो ठाऊक असेल. मी कधी विचारले नाही.

मॉरिशसच्या आप्रवासी नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. सुरिनामच्या नोंदी हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत शोधता येतात. राजवाडा कोठे जात नाही. परंतु ज्या वडीलधाऱ्यांस घरचा क्रमांक, गावाचे नाव, जहाजाचे नाव आठवते, त्यांस घेऊन ही सहल ह्याच उन्हाळ्यात करावी, जाताना पेन्सिल न्यावी, आणि जेवण मात्र दालपुरीचेच करावे, एवढीच ह्या वर्षीची विनंती.