रीडिंग जुळवायचं की तपासायचं?

प्रॅक्टिकलचा तास आठवा. उत्तर आधीच ठाऊक असतं, मग उत्तरावरून मागे येत रीडिंग तयार होतात. जर्नलवर सही झाली की कॅन्टीनला मोकळे! हॉस्टेलवाल्यांना हे नव्याने सांगायला नको.

पण उलटं गणित प्रामाणिकपणेही करता येतं. समुद्रावरून वाफ किती उठते, हे वाऱ्याचा वेग, पाण्याचं तापमान आणि पाण्यालगतच्या हवेतली आर्द्रता यांवर ठरतं. पहिल्या दोन गोष्टींचा अंदाज उपग्रहावरून बऱ्यापैकी येतो. घोडं अडतं ते तिसरीपाशी. २२ गिगाहर्ट्झच्या आसपास पाण्याची वाफ सूक्ष्मलहरी सोडते. समुद्र स्वतः त्या कमी सोडतो, म्हणून त्याच्यावरची वाफ उठून दिसते. १९९९ साली सोडलेल्या आपल्या ओशनसॅट-१ वर असा रेडिओमीटर होता. पण त्याला दिसते ती वरपासून खालपर्यंतची एकूण वाफ. तळाच्या दहा मीटरांत त्यातली किती? १९८६ मध्ये टिमथी लिऊ यांनी मासिक सरासरी घेऊन एकूण वाफ आणि तळची आर्द्रता यांचं नातं मांडलं. म्हणजे हे थेट मोजमाप नव्हे, अंदाजच!

आता जरा आकडेमोड करू. समुद्र २८ अंशांवर असेल, तर पाण्याला टेकलेल्या एक किलो हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. वरच्या हवेत समजा १८ आहे. फरक ५ चा. अंदाज एका ग्रॅमने चुकला की बाष्पीभवनाचा हिशोब २० टक्क्यांनी चुकला! म्हणूनच जहाजांवरची आणि समुद्रात नांगरलेल्या बोयांवरची रीडिंग लागतात. अंदाज त्यांच्याशी ताडून बघतात आणि चूक किती, तेही छापतात.

"आपल्याला काय त्याचं? समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे!" असं कुणी म्हणेल. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शहर टँकरवर आलं. आपल्या पावसाच्या वाफेचा मोठा वाटा अरबी समुद्रावरूनच येतो. चांगल्या आकड्यांनी पाऊस पडत नाही, हे खरं. पण खोट्या आकड्यांवर पाण्याचं नियोजन केलं, तर त्याची किंमत शेतकरी मोजतो. आणि उद्या ते आकडे लिहिणारे इंजिनिअर आपणच असणार ना?

म्हणून सरांना एक विनंती. बरोबर उत्तराला मार्क द्याच, पण चूक का आली हे लिहिणाऱ्याला त्याहून जास्त द्या. आणि आपण? हॉस्टेलच्या गच्चीवर ओला-कोरडा थर्मामीटर लावू, वर्षभर रोज रीडिंग घेऊ. एखाद्या दिवशी झोप लागून राहिलं, तर ती जागा कोरीच ठेवू.

कोरी जागा भरता येत नाही असं नाही. ती न भरणं, हेच शिकायचं राहिलंय.