गिअरबॉक्स बदलण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी हिसके देऊ लागते, ॲव्हरेज पडतं आणि वर्कशॉपमधून थेट गिअरबॉक्सच्या खर्चाचा आकडा येतो. माझं म्हणणं एवढंच की, तो आकडा मान्य करण्याआधी साध्या गोष्टी तपासल्या का, हे विचारा.

मोखाड्याहून जव्हार आणि पुढे शिरपामाळ हा रस्ता मी ऑटोमॅटिक गाडीने करतो. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज याच माळावर थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, असं इथे सांगतात. अशा चढ-वळणांवर गाडीचा स्वभाव कळतो.

2014 मध्ये सेलेरिओ आली आणि मध्यमवर्गाला परवडणारी ऑटोमॅटिक मिळाली. पण या एएमटी गाड्यांत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्रणा करते. त्यामुळे गिअर बदलताना थोडी डुलकी बसणारच. त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडला की ती कमी होते. हिसका वाढत गेला, तर क्लचप्लेट झिजून तिची पकडण्याची जागा सरकलेली असू शकते. ती कॉम्प्युटरला स्कॅनर लावून पुन्हा शिकवावी लागते. प्लेट फारच झिजली असेल तर प्लेट बदला, अख्खा गिअरबॉक्स कशाला?

चढावर थांबताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. तोलण्यात क्लच आणि पेट्रोल दोन्ही जळतं. घाटात मॅन्युअल मोडवर खालचा गिअर ठेवा, म्हणजे गाडी सारखी वर-खाली गिअर बदलत बसत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर आधी तेल पाहा. उष्णतेने ते खराब होतं, आणि कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचंच लागतं. ॲव्हरेजचे चोर तर बाहेरच असतात: टायरमधली कमी हवा, भरलेला एअर फिल्टर, चिकटून घासणारा ब्रेक.

आता मुद्दा आपल्या घरचा. गाड्यांची दुरुस्ती हा मुसलमानांचा मोठा रोजगार आहे, हे 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही दिसतं. कान लावून इंजिनचा आजार सांगणारे उस्ताद आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. पण ऑटोमॅटिक आली की त्यांतले बरेच जण हात जोडतात, "कंपनीत न्या" म्हणतात. हुनर कमी नाही. कमी आहे तो स्कॅनर आणि तो वाचायचं शिक्षण. दहा-बारा वर्षांच्या पोराला पान्हा धरायला लावण्यापेक्षा त्याला दहावी करू द्या, मग आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करू द्या. उस्तादांनी मिळून एक स्कॅनर घेतला तरी सुरुवात होईल. नाहीतर गिऱ्हाईक मोठ्या वर्कशॉपचा आकडा भरत राहील आणि आपलं गॅरेज पंक्चरवर येईल.